पोटदुखीची पेटी

गुरुवारी दुपारी लालासाहेब डॉक्टरांची जीप हिवरखडीच्या दवाखान्यासमोर थांबली. मागच्या बाकड्यावर दर वेळी औषधांची खोकी असायची. आज तिथं कराडचा रेडिओ दुरुस्त करणारा जोतीराम बसला होता, आणि घोंगडीत गुंडाळलेलं काहीतरी त्यानं तान्ह्या पोरासारखं मांडीवर धरलं होतं. दवाखान्याच्या नर्स लीलाबाईंना वाटलं, चला, दवाखान्याला रेडिओ आला. दुपारची गाणी ऐकायला मिळतील.

घोंगडी सोडली तर आत पेटी निघाली. बाजाच्या पेटीएवढी, सागवानी, वर अकरा बटणं आणि त्यांच्यापुढं तीन दिवे: हिरवा, पिवळा, लाल. प्रत्येक बटणाखाली डॉक्टरांच्या अक्षरातली एकेक चिठ्ठी डकवलेली. ‘दुखणं बेंबीपासून सुरू झालं’, ‘उलटी’, ‘गाडीच्या हिसक्यानं दुखतं’, ‘पोट लाकडासारखं कडक’.

“ही पोटदुखीची पेटी, लीलाबाई,” डॉक्टर म्हणाले. “रोग्याला अकरा प्रश्न विचारायचे. होय म्हणाला की बटण खाली. हिरवा लागला तर औषध देऊन घरी पाठवा. पिवळा लागला तर उद्या परत बोलवा. लाल लागला तर त्याच दिवशी कराडला माझ्याकडं.”

लालासाहेब मूळचे कृष्णाकाठचे, घरचा ऊस असलेले. पंधरा वर्षं पलटणीत डॉक्टर म्हणून काढली आणि मग कराडला स्वतःचं इस्पितळ टाकलं. पूर्वेकडच्या कोरड्या गावांना डॉक्टर मिळत नाही म्हणून हिवरखडीत हा दोन खोल्यांचा दवाखाना उघडला. ते स्वतः फक्त गुरुवारी यायचे. बाकी सहा दिवस सगळं लीलाबाईंवर. अठ्ठ्याहत्तर साल चालू होतं, आणि लीलाबाईंना इथं येऊन चौदा वर्षं झाली होती. चौदा वर्षांत त्यांनी किती पोटांवर हात ठेवला असेल त्याची मोजदाद नव्हती.

“म्हणजे माझ्या हाताचा भरवसा नाही म्हणा की,” त्या म्हणाल्या.

“तसं नव्हे हो. विलायतेतल्या एका इस्पितळात कॉम्प्युटरला लक्षणं सांगतात आणि तो पोटदुखीचं निदान करतो. मासिकात वाचलं मी. आपल्याकडं कॉम्प्युटर कुठला? पण माझ्याकडं तीनशे रोग्यांचे जुने कागद आहेत. कुणाचं काय दुखत होतं आणि पोट उघडल्यावर आत काय निघालं, सगळं लिहिलेलं. त्यावरून कुठलं लक्षण किती घातक, ते मी काढलं. जोतीरामनं ते तारांत बसवलं.”

“आवं बाई, तागडीच हाय ही,” जोतीराम म्हणाला. “एकेक बटन म्हंजी एकेक वजन. काय लहान, काय मोठं. तागडी किती झुकली त्यावर दिवा. टार्चचं सहा सेल घातल्यात आत. लाइट गेली तरी चालंल.”

“म्हणजे अक्कल तीनशे रोग्यांची, आणि हिशेब तुझा.”

“व्हय. माझी अक्कल फकस्त तारा जोडन्यापुरती.”

डॉक्टरांनी जाताना एक अट घातली. आधी लीलाबाईंनी स्वतःचं मत वहीत लिहायचं, मगच बटणं दाबायची. कोण किती वेळा बरोबर येतं ते दिवाळीनंतर बघू. लीलाबाईंनी मान डोलावली खरी, पण जीप वळल्यावर त्यांनी पेटीवर घोंगडी टाकली आणि दोन दिवस तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही.

गावानं मात्र बघितलं. आठवड्याभरात हिवरखडीतल्या निम्म्या माणसांची पोटं दुखायला लागली. दिवा कसा लागतो हे बघायला लोक गुडघेदुखी सोडून पोटदुखी सांगू लागले. धोंडुबाई पाच मैलांवरून चालत आली. अकराही प्रश्नांना तिनं नीट विचार करून उत्तरं दिली आणि हिरवा दिवा लागल्यावर ती उठायलाच तयार होईना.

“येवढी चालून आले, आन हिरवा? येक डाव तांबडा लाव की गं बाई. घरी सांगायला तरी हुईल.”

लीलाबाई हसून हसून बेजार झाल्या. त्या दिवसापासून पेटीवरचा त्यांचा राग जरा उतरला. शिवाय वही त्यांच्या बाजूनं बोलत होती. पहिल्या चाळीस रोग्यांत त्यांचं मत आणि पेटीचा दिवा छत्तीस वेळा एकच निघाला. जिथं फरक पडला तिथंही काही वाईट झालं नाही. आपला हात काही कमी नाही, असं त्या मनातल्या मनात म्हणायच्या आणि पेटीवरची धूळ पदरानं पुसायच्या.

मग एका सकाळी गुंडा आला.

गुंडा म्हणजे गावातला पक्का कामचुकार. खुरपणी आली की त्याचं पोट दुखायचं, मळणी आली की दुखायचं, सासुरवाडीला जायचं म्हटलं तरी दुखायचं. लीलाबाई त्याला सोड्याचं पाणी द्यायच्या आणि तो दिवसभर दवाखान्याच्या ओट्यावर सावलीत पडून असायचा. आज ज्वारीच्या पेरणीची घाई होती. तो पोट धरून आला तेव्हा त्यांनी त्याच्याकडं न बघताच वहीत लिहिलं: ‘ढोंग’.

पण अट होती. प्रश्न तर विचारायलाच हवे होते.

“कुठून सुरू झालं रं दुखायला?”

“काल बेंबीच्या भवतीनं हुतं बाई. आज हिकडं उजव्या अंगाला उतारलंय.”

बटण खाली.

“जेवलास?”

“न्हाई. भाकरी बघितली की मळमळतंय.”

आणखी एक बटण.

“कसा आलास? बैलगाडीतून?”

“गाडीतनंच निगालो हुतो. पर दगडावरनं चाक गेलं की आतनं जीव जात हुता. म्हनून उतारलो आन चालत आलो.”

लीलाबाईंनी मान वर करून त्याच्याकडं बघितलं. गुंडा कमरेत वाकून उभा होता आणि त्याच्या ओठांना कोरड पडली होती. कामचुकार माणूस बैलगाडी सोडून चालत येत नाही. त्यांनी तिसरं बटण दाबलं, पोट चाचपून चौथं दाबलं, आणि लाल दिवा लागला.

दहा वाजताच्या एस्टीत गुंडाला बसवून, सोबत त्याचा भाऊ आकाराम देऊन, त्यांनी कराडला पाठवलं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांचा निरोप आला: अपेंडिक्स फुटायच्या बेतात होतं, अजून चार तास गेले असते तर अवघड होतं, रोगी ठणठणीत. बारा दिवसांनी गुंडा परत आला तो हातात बाटली घेऊन. स्पिरिटमध्ये त्याचं स्वतःचं अपेंडिक्स तरंगत होतं. ते त्यानं पारावर मांडलं आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवत बसला.

“बगा रं. ह्ये खोटं हाय का? सांगा! चवदा वरसं हीच बाटली माज्या पोटात हुती, आन तुमी मला ढोंगी म्हनत हुता!”

सगळं गाव हसलं. लीलाबाईही हसल्या, पण खोलीत येऊन त्यांनी वही उघडली आणि ‘ढोंग’ या शब्दाकडं बराच वेळ बघत राहिल्या. पेटीनं विचारायला लावलं म्हणून त्यांनी विचारलं. नाहीतर सोड्याचं पाणी पाजून त्याला ओट्यावर निजवलं असतं, आणि तो तिथंच गेला असता. पेटीला गुंडा कामचुकार आहे हे ठाऊकच नव्हतं. म्हणून तर तिनं त्याचं ऐकलं.

तेव्हापासून त्यांचा हात बिचकू लागला. रोगी आला की आधी त्या पेटीकडं बघायच्या. वहीत स्वतःचं मत दिवा लागल्यावर लिहायच्या, आणि ते अर्थातच दिव्यासारखंच असायचं. गुरुवारी डॉक्टर वही चाळून म्हणाले, “वा, शंभरातले शंभर जुळतायत की आता.” लीलाबाईंनी वही हळूच ओढून घेतली आणि मिटली.

दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात, सकाळी नऊच्या सुमाराला, अंबूबाई नावाची धनगरीण तिच्या सासूला घेऊन आली. माणदेशाकडून निघालेल्या धनगरांचा तळ गावाच्या माळावर पडला होता. दुसऱ्या दिवशी मेंढरांचं खांड घेऊन ते कराडच्या वाटेनं खाली कोकणाकडं उतरायचे होते. सासूचं नाव रंगुबाई. वय सत्तरीच्या पुढं, अंगानं वाळलेली, ताठ, हातात काठी.

“काय होतंय आजी?”

“काय न्हाई. ही उगाच घिऊन आली.”

“पोट दुखतंय?”

“न्हाई. जरा खुपतंय.”

“उलटी झाली?”

“न्हाई.”

“हिसक्यानं दुखतं?”

“न्हाई गं बाई. उंद्या तळ हलायचा हाय. मला काय धाड भरलीया?”

लीलाबाईंनी पोट दाबून बघितलं. मऊ होतं. ताप नव्हता. अकरापैकी एकच बटण खाली गेलं, आणि हिरवा दिवा लागला.

त्यांनी पुन्हा एकदा सगळे प्रश्न विचारले. पुन्हा हिरवा.

“बगा,” रंगुबाई म्हणाली, “ह्या दिव्याला बी कळतंय.” आणि उठायला काठी टेकली. पण ती पहिल्या खेपेला उठली नाही. श्वास रोखून जरा थांबली, आणि मग उठली.

लीलाबाईंच्या मनाला ते खटकलं. त्यांनी औषधाची पुडी बांधली, अंबूबाईच्या हातात दिली, आणि तरी त्यांची बोटं पुडीवरून सुटेनात. लाल लागला तेव्हा पेटी खरी ठरली होती आणि त्या खोट्या. आता पेटी हिरवा दाखवतेय, तर आपण कोण? म्हातारीला पन्नास-साठ किलोमीटर हलवायचं, तिच्या माणसांचा मुक्काम मोडायचा, आणि तिथं काहीच निघालं नाही तर डॉक्टर काय म्हणतील?

“अंबूबाई,” त्यांनी हळूच विचारलं, “तू हिला का आणलंस? ती तर काही नाही म्हणते.”

अंबूबाई खाली बघत म्हणाली, “परवापास्नं मिशरी लावली न्हाई तिनं. माझ्या लग्नाला वीस वरसं झाली. सासरा मेला त्या दिशी बी तिनं मिशरी लावली हुती.”

लीलाबाई पेटीकडं वळल्या. अकरा चिठ्ठ्या होत्या. मिशरीची एकही नव्हती.

त्यांनी पुडी काढून घेतली आणि दार लावून घेतलं. “आजी, मला सगळं पोट बघायचंय. खाली जांघेपर्यंत.”

“आगं, लाज हाय का तुला?”

“मला नाही. चौदा वर्षं बाळंतपणं करतेय. अंबूबाई, पदराचा आडोसा धर.”

रंगुबाई कुरकुरत आडवी झाली. लुगड्याचा कासोटा सैल केला, आणि उजव्या जांघेत लीलाबाईंच्या बोटाला सुपारीएवढी गाठ लागली. दगडासारखी टणक. नुसता हात लागला तरी इतका वेळ ‘न्हाई, न्हाई’ म्हणणाऱ्या म्हातारीनं दात आवळले.

“कधीपासून आहे ही?”

“…परवापास्नं.”

“आणि उलटी?”

“तीनदा,” रंगुबाई भिंतीकडं बघत म्हणाली. “मेंढरांमागं जाऊन केली. मी पडले तर तळ आडकून ऱ्हाईल समद्यांचा.”

आतडं गाठीत अडकलं होतं. किती वेळ उरला होता हे लीलाबाईंना ठाऊक नव्हतं, पण फार नव्हता एवढं कळत होतं. दहाची एस्टी नुकतीच गेली होती आणि पुढची चारला होती. त्या तशाच पळत आप्पासोंच्या दारात गेल्या. आप्पासोंचं मद्रासला सोनं गाळायचं दुकान होतं. दिवाळीला ते गावी आले होते ते कोरी करकरीत मोटार घेऊन, आणि तिच्यावरचा हारही अजून सुकला नव्हता.

“आप्पासो, मोटार काढा. कराडला जायचंय. आत्ता.”

आप्पासोंनी कशाला, काय, काही विचारलं नाही. लेंग्यावरच बसले आणि किल्ली फिरवली. अडचण आली ती रंगुबाईची. पांढऱ्याशुभ्र गादीकडं बघून ती दारातच थांबली.

“माज्या अंगाला मेंढराचा वास हाय. गादी खराब हुईल.”

“आजी,” आप्पासो म्हणाले, “मी बारा वर्षं भट्टीच्या धुरात बसतोय. तुमच्या मेंढरांचा वास मला अत्तर हाय. बसा.”

वाटेत एकेक खड्डा चुकवताना आप्पासो रस्त्याकडं कमी आणि आरशातून म्हातारीकडं जास्त बघत होते. लीलाबाईंनी तिचं डोकं मांडीवर घेतलं होतं. “दुखलं तर दुखतंय म्हणा,” त्या सांगत होत्या. विटा गाव मागं पडल्यावर कुठंतरी रंगुबाई पहिल्यांदा म्हणाली, “दुखतंय गं, लय दुखतंय.” लीलाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं.

लालासाहेबांनी आधी विचारलं, “दिवा कुठला?”

“हिरवा,” लीलाबाई म्हणाल्या. “पण जांघेत गाठ आहे.”

डॉक्टरांनी एकदाच हात लावून बघितलं आणि ऑपरेशनची तयारी करायला सांगितलं. दोन तासांनी ते बाहेर आले. सदरा घामानं चिंब झाला होता, पण चेहरा उजळला होता.

“आतडं काळंनिळं पडलं होतं. मिठाच्या गरम पाण्यातलं फडकं त्यावर ठेवून थांबलो. पाच मिनिटं गेली, दहा गेली. मला वाटलं, कापावं लागणार. आणि मग हळूहळू लाली आली, लीलाबाई. अशी लाली मी जन्मात बघितली नाही.”

अंबूबाईनं डॉक्टरांच्या पायांवर डोकं ठेवलं. ते संकोचून मागं सरले आणि लीलाबाईंकडं बोट दाखवू लागले. आप्पासो बाजारात गेले आणि सगळ्या इस्पितळाला पुरतील एवढे पेढे घेऊन आले.

संध्याकाळच्या आत जोतीरामला दुकानातून बोलावणं गेलं. त्यानं सगळं ऐकलं आणि त्याचं तोंड उतरलं.

“मोडून टाकतो साहेब. माझ्या पेटीपायी म्हातारी गेली आसती.”

“खबरदार हात लावलास तर,” लीलाबाई म्हणाल्या. आवाज इतका चढला की त्यांचं त्यांनाच नवल वाटलं. “गुंडा कुणामुळं जिता आहे? मी तर त्याला ढोंगी ठरवलं होतं. तारा तुझ्या बरोबरच असतील. खोट कागदांत आहे.”

“कशी?” डॉक्टरांनी विचारलं.

“तुमच्या तीनशे कागदांत म्हाताऱ्या बायका किती?”

डॉक्टरांनी कपाटातून गठ्ठे काढले आणि तिघं मिळून मोजायला बसले. उसाच्या फडातले गडी होते, पलटणीतले जवान होते, कारखान्यावरचे कामगार होते, कॉलेजातली पोरं होती. साठीच्या पुढच्या बायका निघाल्या चार. मेंढरांमागं फिरणारी एकही नाही.

लालासाहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “ज्या माझ्यापर्यंत आल्याच नाहीत, त्या पेटीला कुठून ठाऊक असणार?” मग ते मोठ्यानं हसले. पलटणीतला जुना डॉक्टर होता तो. चूक सापडली की त्याला नवी मोहीम मिळाल्याचा आनंद व्हायचा. “बरं, आता काय करायचं ते तुम्ही सांगा. मी ऐकतो.”

लीलाबाईंनी सांगितलं. जांघेतल्या गाठीचं एक बटण हवं. आणि आणखी एक बटण हवं, जे रोग्याचं नसेल, नर्सचं असेल. ते दाबलं की बाकी काहीही असो, हिरवा दिवा लागता कामा नये.

“त्यावर काय लिवू?” जोतीरामनं पेन्सिल काढली.

“‘मन घेत नाही’ असं लिही.”

जोतीरामनं लिहिलं, आणि वाचून बघून म्हणाला, “ह्ये सोपं हाय बाई. हिरव्या दिव्याची तारच तोडायची. येवढी सोपी जोडनी साऱ्या पेटीत न्हाई.”

“आणि वहीत मी आधी लिहीन, मग दिवा बघेन,” लीलाबाई डॉक्टरांना म्हणाल्या. “मधला महिनाभर मी उलटं केलं. तुमचे शंभरातले शंभर खोटे होते.”

“मला वाटलंच होतं,” डॉक्टर म्हणाले. “इतकं जुळायला आपण दोघं नवराबायको असतो तरी जमलं नसतं.”

दिवाळी झाली. रंगुबाईचे टाके निघाले त्याच सुमारास तिच्या माणसांचा तळ कराडच्या बाहेर, नदीच्या अलीकडं, एका भुईमूग काढलेल्या रानात येऊन पडला. मेंढरं बसवून रानाला खत मिळतं म्हणून शेतकऱ्यानं त्यांना आठ दिवस ठेवून घेतलं होतं. लीलाबाईंनी दोन दिवसांची रजा काढली आणि नवी वही घेऊन सकाळीच तिथं पोचल्या. म्हाताऱ्या बायकांचे कागद त्यांना हवे होते, आणि ते कुठल्या कपाटात मिळणार नव्हते.

रंगुबाई घोंगडीवर बसली होती. दात मिशरीनं काळे कुळकुळीत. तिनं तळावरच्या साऱ्या बायकांना हाका मारून जमवलं.

“ह्या बाईनं मला माघारी आनली. काय इचारंल ते खरं सांगायचं. लाजायचं न्हाई. न्हाई म्हनायचं न्हाई!”

बायका आधी तोंडाला पदर लावून खिदळल्या. मग एकीनं सुरुवात केली, आणि मग त्यांना थांबवणं मुश्कील झालं. पोट नुसतं दुखतं असं कुणीच म्हणेना. कुणाचं खुपत होतं, कुणाचं डाचत होतं, कुणाला कळ यायची, कुणाला चमक भरायची, कुणाच्या पोटात पीळ पडायचा. दुखतंय म्हणजे काय, अंबूबाईनं समजावलं, तर जवा मानूस आडवं पडतं, तवा. उभं हाय तवर खुपतंयच म्हनायचं. लीलाबाईंनी ते जसंच्या तसं लिहून घेतलं आणि त्याखाली दोनदा रेघ मारली. चौदा वर्षांत आपण ‘दुखतंय का’ असं किती जणींना विचारलं असेल, आणि त्या खरं बोलूनच ‘न्हाई’ म्हणाल्या असतील.

दुपारपर्यंत अठरा बायकांची पानं भरली. एक पोरसवदा सून मध्येच म्हणाली, तिला दुखत नाही, खुपत नाही, पण सासूनं हाक मारली की पोटात गोळा येतो. “त्यो बी लिवा!” त्यावर एवढा हशा झाला की शेजारची मेंढरं बिथरून उठली आणि गड्यांना शिट्ट्या मारत धावावं लागलं.

लीलाबाई डोळे पुसत पुढचं पान उलटणार, तेवढ्यात रंगुबाईनं काठी त्यांच्या वहीवर आडवी ठेवली.

“समद्यांचं लिवलंस. तुजं पोट कवा दुखतंय गं?”

हा प्रश्न त्यांना कुणी कधी विचारला नव्हता.

“माझं? भूक लागली की.”

“मग आदी सांगायचं न्हाईस व्हय!” रंगुबाई ओरडली. “आगं अंबू, चुलीवर तवा टाक. बाईला बाजरीची ऊनऊन भाकर घाल. आन तूप काड त्या गाडग्यातलं, हात आकडू नगंस.”

लीलाबाईंनी वही मिटून बाजूला ठेवली आणि चुलीपाशी सरकून बसल्या.